हयातीचा दाखला

(ठाण्यातल्या ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय 'जीवन, बदल आणि मृत्यू'. एवढं ओझं मला पेलायचं नाही, म्हणून मी आपला बँकेतून सुरुवात करतो.

नोव्हेंबर आला की आपण पेन्शनर मंडळी एकच काम करतो. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करतो. पूर्वी बँकेत जाऊन सही ठोकली की झालं. २०१४ साली 'जीवन प्रमाण' आलं, आता बोट लावायचं. गेल्या वर्षी मी अंगठा लावला. जुळेना. तर्जनी लावली. जुळेना. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, रुमालाला पुसा आणि जरा दाबून धरा." पुसलं, दाबलं. तेच. चौतीस वर्षं खडू धरलेला हात, त्यात वय, रेषा झिजल्यात. रांगेत मागून कुणीतरी म्हणालं, "मास्तर, तुम्ही गेलात वाटतं!" सगळे हसले, मीही हसलो. शेवटी मोबाइलसमोर चेहरा धरून डोळे मिचकावले, तेव्हा कुठे सरकारला मी पटलो.

परत येताना तलावपाळीवर टेकलो आणि मला मशीनचंच म्हणणं पटायला लागलं. मी विज्ञानाचा मास्तर. रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलंय. म्हणजे दोन नोव्हेंबरांच्या मध्ये माझं तांबडं रक्त तीनदा नवं झालं. मग दाखला नेमका कुणाचा?

आपल्या रेल्वेचंच बघा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, ३४ किलोमीटर. ते रूळ गेले, लाकडी स्लीपर गेले, वाफेची इंजिनं गेली. जी.आय.पी., म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, हे या रेल्वेचं नावही १९५१ साली गेलं, मध्य रेल्वे झाली. तरी आपण छाती फुगवून सांगतो, पहिली रेल्वे आमच्या ठाण्याला आली. ते खोटं आहे का? अजिबात नाही. पण खरं ठरतं ते रुळांमुळे नाही. रोज कुणीतरी त्या वाटेनं जातं आणि तिला तेच नाव देतं, म्हणून.

आता माझ्या डोळ्याकडे येतो. शरीरात सगळंच बदलतं असं नाही. डोळ्यातल्या भिंगाचा गाभा आपण आईच्या पोटात असताना बनतो आणि जन्मभर तोच राहतो. त्यावर कांद्यासारखे नवे थर चढत जातात. म्हणजे आईनं दिलेली, कधीही न बदललेली अशी वस्तू माझ्याजवळ होती. फेब्रुवारीत मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये तिचा भुगा करून ती नळीनं ओढून घेतली. वीसेक मिनिटं लागली. त्या जागी प्लास्टिकचं भिंग. मी बाहेर येऊन चहा प्यालो. माझ्यातलं सगळ्यात जुनं असं काही गेलं आणि मला पत्ताही नाही! मरण एकदाच येतं म्हणतात. मला तर ते हप्त्यांनी येतं असं वाटायला लागलंय, आणि बरेचसे हप्ते आपल्या नकळत कापले जातात. आत्मा अमर आहे वगैरे मी बोलणार नाही. ते आपण सगळ्यांनी पुष्कळ तेराव्यांना ऐकलंय, जेवणाकडे एक डोळा ठेवून.

मग मी तोच, हे कशावरून? माझ्यापुरतं उत्तर असं: कुणीतरी माझ्याशी जुनाच वाद अजून घालतंय, यावरून. बोटाच्या रेषा झिजतात, वाद झिजत नाही. आणि तो घालणारं माणूस गेलं की आपल्या हयातीचा एक साक्षीदार कमी होतो.

वयानं भिंग पिवळट होतं आणि निळा रंग अडवतं. पट्टी काढल्यावर स्वयंपाकघराची भिंत बघून मी चाट पडलो. पांढरीशुभ्र! क्रीम रंग का मारलास म्हणून मी रंगाऱ्याशी भांडलो होतो. आमच्या हिची एक इरकल होती. ती म्हणायची निळी, मी म्हणायचो हिरवी. लग्नकार्याला निघताना दरवेळी हा वाद, आणि शेवटी तिचं ठरलेलं वाक्य: "डोळे तपासून घ्या एकदा." तिला जाऊन तीन वर्षं झाली.

त्या दिवशी कपाट उघडलं, साडी काढली आणि गॅलरीत उजेडात नेली.

निळीच होती. चांगली गडद निळी.

बराच वेळ ती हातात धरून उभा होतो. मग घडी घालायला गेलो. ती काही मला नीट जमली नाही. तेही ती म्हणायचीच.