ठिपका दिसला म्हणजे रोप हरलं असं नाही

मंडळी, बुरशी आत शिरल्यावर वनस्पतीच्या पेशीत काय घडतं, हा आजचा विषय. पण आधी एक तक्रार मांडतो, ती मला बरीच वर्षं छळतेय.

एका शिवारफेरीत गव्हाच्या दोन वाणांची पानं मांडली होती. पहिल्यावर तांबेऱ्याच्या, म्हणजे बुरशीच्या एका रोगाच्या, पुळ्या. बोट फिरवलं की विटकरी भुकटी लागायची. दुसऱ्यावर टाचणीच्या टोकाएवढे फिकट ठिपके, भुकटीचा कणही नाही. मार्गदर्शनाला आलेले गृहस्थ म्हणाले, ‘दोन्ही रोगट, फवारणी करा.’ शेतकऱ्यांनी माना डोलावल्या. अहो, दुसरं पान जिंकलं होतं! तांबेऱ्याला अडवताना मेलेल्या पेशींचे ते ठिपके. चांगलं वाण असं फुकट बदनाम होतं, याचा मला आजही संताप येतो. महाबळेश्वरच्या गहू गेरवा (म्हणजे तांबेराच) संशोधन केंद्रातल्या माणसांना विचारा, वाण पारखताना नुसता ठिपका आहे की पुळी, याला किती महत्त्व असतं ते.

बरं, हे काही कालपरवाचं ज्ञान नाही. 1902 साली केंब्रिजच्या मार्शल वॉर्ड यांनी ब्रोम गवतात तांबेऱ्याभोवती पेशी मरताना पाहिल्या. 1915 साली अमेरिकेत स्टॅकमन यांनी गव्हातल्या अशा प्रतिसादाला अतिसंवेदनशीलता म्हटलं. तांबेरा जिवंत पेशीवरच पोसतो. पेशी मेली की त्याचा दाणापाणी बंद.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. मग भरभर सांगतो.

बीजाणू रुजतो, त्याची नळी पर्णरंध्रातून आत शिरते आणि आतल्या पेशीची भित्तिका भेदून शोषकांग, म्हणजे अन्न शोषणारा अवयव, घुसवते. पेशीचं पटल मात्र फाटत नाही. फुग्यात बोट दाबावं तसं ते शोषकांगाभोवती आत जातं. बुरशीच्या भित्तिकेत कायटिन असतं, वनस्पतीच्या भित्तिकेत ते नसतं. म्हणून पटलावरच्या ग्राहक प्रथिनांना, म्हणजे परकं ओळखणाऱ्या पहारेकऱ्यांना, त्याचे तुकडे लागले, की काही मिनिटांत कॅल्शिअम आत येतं, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, भित्तिकेला आतून कॅलोज या शर्करायुक्त पदार्थाचा थर चढू लागतो. बुरशी स्वतःची प्रथिनं पेशीत सोडून हे सगळं बंद पाडू बघते. तिथं दुसरी फळी उभी असते, पेशीच्या आतल्या ग्राहकांची. शास्त्रज्ञ फ्लोर यांनी 1940च्या दशकात जवसाच्या तांबेऱ्यावर दाखवलं, की रोपातल्या प्रतिकारक जनुकाला (असे ग्राहक बहुधा याच जनुकांतून बनतात) बुरशीतला जोडीचा जनुक असतो. ही जोडी प्रत्यक्ष जुळते कशी, ते गव्हाच्या एसआर35 या ग्राहकात 2022 साली दिसलं: बुरशीचं प्रथिन पकडलेले पाच रेणू एकत्र येऊन चक्र बनवतात आणि त्या चक्रातून कॅल्शिअम पेशीत शिरतं. मग पेशी मरते, ठिपका उमटतो.

पण बुरशीनं ते एक प्रथिन बदललं, की ग्राहक आंधळा. युगांडात सापडलेल्या यूजी99 या तांबेऱ्यापुढे एसआर31 हा जनुक निकामी ठरला. म्हणून पैदासकार आता एकाच वाणात दोन-तीन जनुकं घालतात. सगळ्यांना एकदम चकवणं बुरशीला फार जड जातं.