फोनची शेवटची तारीख

(सांगलीतील एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, आपापला फोन हातात घ्या. सेटिंग्ज उघडा. तळाशी ‘अबाउट फोन’ असेल, त्यात अँड्रॉइडच्या आवृत्तीवर बोट ठेवा. ‘सिक्युरिटी अपडेट’ किंवा ‘सिक्युरिटी पॅच’ असं लिहून पुढे एक तारीख दिसेल. फोनला मिळालेली शेवटची सुरक्षा-दुरुस्ती त्या तारखेची. काही कंपन्या ती वेगळ्या ठिकाणी ठेवतात. सापडली नाही तर शेजारी बसलेल्या कॉलेजच्या पोरांना विचारा. गेल्या दोन-तीन महिन्यांतली तारीख असेल तर ठीक. दोन वर्षांपूर्वीची असेल, तर आजचं बोलणं मुख्यतः तुमच्यासाठी आहे.

ही तारीख आली कुठून? 2015 च्या जुलैत अँड्रॉइडमधली ‘स्टेजफ्राइट’ नावाची खोट उजेडात आली. व्हिडिओ जोडलेला एक एमएमएस पाठवून समोरच्याचा फोन ताब्यात घेता येईल, इतकी ती गंभीर होती. त्यानंतर ऑगस्टपासून गूगलने दर महिन्याला दुरुस्त्या काढायला आणि त्यांची यादी जाहीर करायला सुरुवात केली. आता ही यादी चोरही वाचतो. ज्या फोनला दुरुस्ती मिळायची बंद झाली, त्यात कुठून शिरायचं हे त्याला आयतंच कळतं. फोन चकाचक दिसतो, स्क्रीनला ओरखडा नाही, कॅमेरा उत्तम; पण आतून तो दर महिन्याला जास्त धोक्याचा होत जातो. आपल्याला मात्र ते जाणवत नाही.

शिवाय गूगलने दुरुस्ती काढली म्हणजे ती आपल्याकडे पोचलीच असं नाही. मध्ये चिप बनवणारी कंपनी आहे, मग फोन बनवणारी. चिपवाल्यांनी हात वर केले की फोनवाल्यांचीही पंचाईत होते.

म्हणून दुकानात रॅम आणि मेगापिक्सेल विचारण्याआधी विचारा, ‘या मॉडेलला सिक्युरिटी अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार?’ काउंटरवरच्या मुलाला बहुतेक वेळा सांगता येणार नाही. मग कंपनीच्या वेबसाइटवर बघा, पण बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. गूगलने पिक्सेल 8 पासून आणि सॅमसंगने गॅलॅक्सी एस 24 पासून सात वर्षांचा शब्द दिला आहे. हे महागड्या फोनचंच काम आहे असंही राहिलेलं नाही. गॅलॅक्सी ए 16 सारख्या खालच्या किमतीतल्या फोनलाही सहा वर्षं कबूल केलेली आहेत. ॲपलचा अनुभवही चांगला आहे. 2015 चा आयफोन 6 एस 2021 ची आयओएस 15 ही ॲपलची प्रणाली चालवू शकला.

इथे एक मेख आहे. ही वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. पिक्सेल 8 ऑक्टोबर 2023 मध्ये आला, म्हणजे त्याची मुदत ऑक्टोबर 2030 पर्यंत. तुम्ही तो 2027 च्या दसऱ्याला सेलमध्ये घेतलात, तर सात नव्हे, तीनच वर्षं हातात आली.

आपल्याकडे द्राक्षाचा मांडव घालताना लोखंड आणि तार किती हंगाम टिकेल ते बघूनच शेतकरी दर ठरवतो. फोनचा हिशेबही तसाच करा. 12,000 चा फोन आणि दोन वर्षांची मुदत, म्हणजे वर्षाला 6,000. 19,000 चा फोन आणि पाच वर्षांची मुदत, म्हणजे वर्षाला 3,800. स्वस्त कोणता पडला?

पाच वर्षं वापरायचा तर बॅटरी एकदा बदलावी लागेल, हे धरूनच चला. युरोपात 20 जून 2025 पासून नियम आहे की 800 वेळा चार्ज केल्यावरही बॅटरीत निदान 80 टक्के क्षमता उरली पाहिजे. आपल्याकडे घेताना एवढं तरी बघा, की त्या कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर सांगली-मिरजेत आहे का आणि तिथे अस्सल बॅटरी मिळते का. आणि उन्हात ट्रॅक्टरवर फोन ठेवू नका. लिथियमची बॅटरी उष्णतेने लवकर मरते.

दुरुस्तीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आपण फोन देतो, दुकानदार पिन विचारतो, आणि तो कागदाच्या चिठ्ठीवर लिहून फोनच्या पाठीवर चिकटवतो. दिवसभर तो फोन टेबलावर पडून असतो. त्या चार-सहा आकड्यांमागे तुमचे फोटो, चॅट, मेल सगळं आहे. सॅमसंगमध्ये ‘मेंटेनन्स मोड’ आहे, पिक्सेलमध्ये ‘रिपेअर मोड’. तो चालू करून दिलात तर दुरुस्ती करणाऱ्याला फोन तपासता येतो, तुमची माहिती दिसत नाही. ही सोय आहे का, हेही घेताना बघा.

आता खाजगीपणाबद्दल. काही स्वस्त फोनमध्ये लॉक स्क्रीनवरच जाहिराती येतात, काढता न येणारी ॲप आधीच भरलेली असतात. किमतीतली सूट त्यांनी तिथून वसूल केलेली असते. पण चांगला फोन घेऊनही आपणच दार उघडलं तर कंपनी काय करणार? बेदाण्याचे सौदे होऊन पट्टीचे पैसे जमा व्हायच्या दिवसांत व्हॉट्सॲपवर ‘लग्नपत्रिका’ किंवा ‘आरटीओ चलन’ नावाची एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, येते. ती इन्स्टॉल होते, एसएमएस वाचायची परवानगी मागते, आणि बँकेचा ओटीपी तुमच्याआधी भामट्याला मिळतो. पत्रिका हा फोटो असतो किंवा पीडीएफ; पत्रिकेला इन्स्टॉल व्हायची गरज नसते. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

मागच्या रांगेतून ग्राफीनओएसबद्दल, म्हणजे फोनमधल्या मूळ अँड्रॉइडच्या जागी टाकता येणाऱ्या, अँड्रॉइडवरच बेतलेल्या प्रणालीबद्दल चिठ्ठी आली आहे. खाजगीपणासाठी ती फार उत्तम आहे, पण चालते पिक्सेलवरच आणि काही बँकांची ॲप तिच्यावर अडतात. ज्याला स्वतः निस्तरता येतं त्याने जरूर घ्यावी.

शेवटचा प्रश्न एका ताईंचा आहे: नवा फोन घेतल्यावर जुना सासूबाईंना दिला तर चालेल का? आपल्या घराघरांत हेच होतं. मुदत संपलेला फोन, ज्याला त्यातलं सगळ्यात कमी कळतं त्याच्या हातात जातो, आणि पेन्शनचा एसएमएस नेमका त्यातच येतो. ताई, आधी ती तारीख बघा. अपडेटची मुदत संपली असेल तर त्या फोनवर अभंग ऐकू द्या, नातवंडांशी व्हिडिओवर बोलू द्या. बँकेचं सिम मात्र त्यात घालू नका. ते साध्या बटणाच्या फोनमध्ये ठेवा.