चावी बद्द वाजते तेव्हा

(पहाट. धुक्यातला रूळ. लांबून हातोड्याचा आवाज.)

१८६२ साली डभोई ते मियागाम या रुळांवरून पहिली गाडी निघाली, ती बैलांनी ओढलेली. खंडेराव महाराजांनी बडोदा संस्थानाच्या पैशातून ही अरुंद रुळांची वीस मैलांची लाइन टाकली होती. इथला कापूस मोठ्या लाइनपर्यंत पोचावा, एवढाच हेतू. पुढच्याच वर्षी ग्लासगोच्या कारखान्यातलं इंजिन आलं. ते रुळावर चढवलं आणि लक्षात आलं, रूळ हलके पडताहेत, वजन पेलत नाहीत. पुन्हा बैल जुंपले. जाड रूळ टाकून इंजिनं नियमित धावायला १८७३ साल उजाडलं.

इंजिन दारात आणि ओढायला बैल. दहा वर्षं.

माझे आजोबा याच भागात कीमन होते. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, काखेत झेंड्या, आणि रोज आपल्या हद्दीची पायपीट. लहानपणी एकदा मी हट्ट करून त्यांच्याबरोबर गेलो. रूळ जागेवर धरून ठेवणारी लोखंडी पाचर असते, तिला चावी म्हणतात. आजोबा चालता चालता चावीवर हातोडा मारत. घट्ट चावी खणखणते, सैल चावी बद्द वाजते. बद्द आवाज आला की ते थांबायचे, दोन घाव घालून चावी बसवायचे आणि पुन्हा एकदा ठोकून कान द्यायचे. खणखणली, की पुढे. आता चावीच्या जागी स्प्रिंगची क्लिप आली आहे, माणसाला मात्र अजून कीमनच म्हणतात.

समजा, त्यांना वर्षभर घरी बसवलं असतं, तर? बहुधा काहीच झालं नसतं. गाड्या धावल्या असत्या आणि एक पगार वाचला असता. कदाचित दुसऱ्या वर्षीही. वाचलेला पगार ताळेबंदात लगेच दिसतो. सैल झालेल्या चाव्यांसाठी तिथे रकानाच नसतो. ही फिल्म त्या नसलेल्या रकान्याबद्दल आहे.

(जुनी छायाचित्रं : अमेरिकेतलं मालगाड्यांचं यार्ड.)

अमेरिकेत १९६८ साली दोन बलाढ्य रेल्वे कंपन्या एकत्र आल्या आणि पेन सेंट्रल जन्माला आली. रुळांची डागडुजी पुढे ढकलली जात होती, भागधारकांना लाभांश मात्र वाटला जात होता. २१ जून १९७० रोजी कंपनीनं दिवाळखोरी पत्करली. त्या काळात तिच्या रुळांची अवस्था अशी झाली होती, की मालगाडीच्या उभ्या वाघिणी, म्हणजे डबे, घसरायचे. उभ्या! वेग नाही, धक्का नाही. खालचे लाकडी स्लीपर कुजले की रूळ फाकतो आणि चाक खाली बसतं. अखेर १९७६ मध्ये कॉनरेल नावाची कंपनी काढून सरकारलाच तिथे पैसा ओतावा लागला.

मिलवॉकी रोड या दुसऱ्या अमेरिकी रेल्वे कंपनीची गोष्ट तर मला फार लागते. त्यांच्याकडे डोंगरातून जाणारी साडेसहाशे मैलांची विजेवरची लाइन होती. १९७३ मध्ये तेल भडकलं. आणि १९७४ मध्ये कंपनीनं विजेची गाडी बंद करून डिझेल पत्करलं, तारांचं तांबं भंगारात काढलं. १९७७ मध्ये तीही बुडाली.

पुढे खेळ आकड्यांचा झाला. शंभर डॉलर मिळवायला किती खर्च झाला, तो ऑपरेटिंग रेशो. तो खाली आणण्यात हंटर हॅरिसन या रेल्वे कंपन्या चालवणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव मोठं. ते सीएसएक्स या अमेरिकी रेल्वे कंपनीत येणार, या नुसत्या बातमीनं २०१७ मध्ये शेअर एका दिवसात वीस टक्क्यांहून जास्त चढला. त्याच वर्षी माल अडकू लागला, गिऱ्हाईकांच्या तक्रारी नियामक मंडळापर्यंत गेल्या. २०२२ मध्ये त्या मंडळाचे अध्यक्ष मार्टिन ओबरमन यांनी हिशेब मांडला : मोठ्या रेल्वे कंपन्यांनी सहा वर्षांत २९ टक्के माणसं कमी केली होती.

(बडोदा. दुमाड चौकडीवर ट्रकांची रांग.)

आपली रेल्वे सरकारची. तिला शेअर बाजाराचा धाक नाही, पण मार्च महिना आपल्याकडेही येतो. २०१७-१८ चा आपला ऑपरेटिंग रेशो ९८.४४ होता. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगनं पाहिलं, तर एनटीपीसी आणि इरकॉन या सरकारी कंपन्यांकडून आगाऊ रक्कम घेऊन तो तेवढ्यावर राखला होता. ती रक्कम नसती, तर आकडा १०२.६६ झाला असता. झिजलेली मालमत्ता बदलण्यासाठी ठेवायच्या घसारा निधीत पुरेसा पैसा टाकला जात नाही, हेही कॅगनं वारंवार लिहिलं आहे.

आणि घर चालवते कोण, तर मालगाडी. प्रवासी भाड्यातली तूट तीच भरून काढते. तरीही बाजूच्या लूप लाइनला थांबायचं तिनंच, आधी एक्स्प्रेस जाणार. नव्या लाइनी वेळेवर पडल्या नाहीत. स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत देशातला दहातला आठ हिस्सा माल रेल्वेनं जायचा, आज तीन हिस्सेही कसेबसे. उरलेला माल समोरच्या या रांगेत उभा आहे.

(मकरपुरा. उंच तारांखालून जाणारी लांबलचक मालगाडी.)

ही लाइन बघा. दादरीहून जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणारा फक्त मालगाड्यांचा मार्ग, १,५०६ किलोमीटरचा. त्यासाठीची कंपनी २००६ मध्ये स्थापन झाली, जपानकडून दीर्घ मुदतीचं कर्ज मिळालं. तारा इतक्या उंच, की डब्यावर डबा चढवलेले कंटेनर विजेच्या इंजिनानं ओढता येतात. तशी पहिली दीड किलोमीटर लांबीची गाडी धावली जानेवारी २०२१ मध्ये, बडोद्याहून बरंच उत्तरेला. चौदा वर्षं गेली. कुठल्याही एका अधिकाऱ्याच्या एका बदलीत मावणारं हे काम नाही, आणि तरी कुणीतरी ते सुरू केलं, म्हणून मला त्या माणसांबद्दल कृतज्ञता वाटते.

(लालबाग. प्रताप विलास राजवाड्याचा दर्शनी भाग.)

रेल्वेचे अधिकारी १९५२ पासून या राजवाड्यात शिकायला येतात. आता इथे गतिशक्ती विश्वविद्यालय आहे. प्रतापनगरचे रूळ इथून जवळच. इथे येणाऱ्या प्रत्येक तरुण अधिकाऱ्यानं ताळेबंद वाचायला शिकण्याआधी एक पहाट कीमनबरोबर चालावं, असं मला मनापासून वाटतं.

(पुन्हा पहाट. कीमनची पावलं, खडीचा आवाज. तो थांबतो, वाकतो, एक क्लिप हातानं चाचपतो. दोन घाव. पुन्हा चाचपतो. पावलं पुढे निघतात.)