विमानात शेंगदाण्याची चटणी

[दृश्य: नंदुरबार शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या. देठ खुडणाऱ्या बायांचे हात.]

नंदुरबारच्या बाहेर मिरचीच्या पथाऱ्या पडल्या की डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं. ओली लाल मिरची उन्हात पसरायची, खालीवर करायची, देठ खुडायचे, पोती भरायची. इथं काम करणाऱ्या बाया नाकातोंडाला फडकं घट्ट बांधतात, तरी ठसका चुकत नाही. पण वर आभाळ मोकळं असतं. वारा सुटला की जीव जरा हलका होतो.

[दृश्य: जळगाव जिल्ह्यातलं शेत. काड्यांच्या जाळावर वांगी.]

हिवाळ्यातल्या भरीत पार्टीचंही तसंच. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, वरून तेलात परतलेली हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात. जेवून आलेल्या माणसाच्या शर्टाला दुसऱ्या दिवशीही धुराचा वास असतो आणि त्याला कुणी नाव ठेवत नाही. या भरिताच्या वांग्याला आणि जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दोन्हींचा अभिमान आम्हा खानदेशकरांना आहे आणि तो असायलाच हवा.

[दृश्य: जळगाव विमानतळ. धावपट्टीवर पंख्याचं छोटं विमान.]

जळगावच्या विमानतळाचं उद्घाटन २०१२ साली झालं. उडान योजनेतून डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईचं विमान सुरू झालं. मध्ये बंद पडलं, परत सुरू झालं, कंपन्या बदलल्या. पुढे पुणे, गोवा, हैदराबादही जोडले गेले. भुसावळला रात्रीची गाडी धरणारी घरं आता विमानाचं तिकीट काढतात. शिकायला गेलेल्या पोराकडे निघालेली आई, बाळंतपणासाठी लेकीकडे परदेशी निघालेली मावशी, लग्नाला निघालेलं सगळं गोतावळं. आणि सोबत डबा असतोच. कळण्याची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. डब्याशिवाय माणूस घराबाहेर पाठवायची आमच्याकडे रीत नाही.

रेल्वेत डबा उघडला की पहिला घास समोरच्याला. "ले ना भाऊ, खाय ले." ओळख लागत नाही, गाव माहीत नाही, तरी अर्धी भाकरी पुढे येते. हा आमचा प्रवासातला शिष्टाचार. विमानात तो थोडा बदलावा लागतो. का बदलावा लागतो, ते नीट समजून घेऊ.

[दृश्य: विमानाच्या आत. छतालगतच्या झडपा, वाचायचे दिवे.]

विमानाची खिडकी उघडत नाही आणि शेजारच्याला उठून दुसऱ्या डब्यात जाता येत नाही. मोठ्या जेट विमानांत हवा छताकडून येते आणि पायांजवळून बाहेर ओढली जाते. साधारण अर्धी हवा बाहेरची ताजी, अर्धी गाळून पुन्हा आत सोडलेली. तासाला वीस ते तीस वेळा हवा बदलते, म्हणजे आपल्या बैठकीच्या खोलीपेक्षा कितीतरी जास्त. ज्या हेपा गाळण्या बसवलेल्या असतात, त्या अतिसूक्ष्म कणांपैकी ९९.९७ टक्के कण अडवतात.

पण वास म्हणजे कण नव्हे. वास वायुरूपात असतो आणि तो हेपा गाळणीतून सरळ आरपार जातो. त्यामुळे हवा कितीही स्वच्छ असली, तरी पुढच्या दोन-तीन ओळींत कुणी काय उघडलं ते सगळ्यांना कळतं. त्यात विमानातली हवा फार कोरडी. ज्याला दमा आहे, त्याचं नाक-घसा आधीच सुकलेला असतो.

[दृश्य: लग्नाची वरात. मनगटावर अत्तर लावणारा हात.]

आता अत्तर आणि सेंट. आपण लावलेला सुगंध पाच-दहा मिनिटांत आपल्याला येईनासा होतो. नाकाला त्याची सवय होते. म्हणून माणूस निघताना परत एकदा फवारतो, आणि शेजारी बसणाऱ्याच्या वाट्याला दुप्पट येतं. उग्र सुगंधानं दम्याचा झटका येऊ शकतो, अर्धशिशी उठू शकते. डॉक्टर याला काटेकोर अर्थानं ॲलर्जी म्हणत नाहीत, श्वासनलिकेचा क्षोभ म्हणतात. पण ज्याचा श्वास अडकला, त्याला त्या भेदाचा काय उपयोग?

लग्नाला जाताना अत्तर लावू नका असं कोण सांगेल? उतरल्यावर लावा. विमानात बसून सेंट फवारणं, नेलपॉलिश लावणं, डोकं दुखतं म्हणून बामची अख्खी बाटली चोळणं, हे मात्र टाळायलाच हवं. विडी-सिगारेट ओढून तडक विमानात चढणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. तो वास कपड्यांत आणि श्वासात बराच वेळ राहतो.

लसणाचं थोडं निराळं आहे. लसूण पचताना त्यातला गंधकाचा एक घटक रक्तात उतरतो, फुप्फुसांत येतो आणि श्वासावाटे तासन् तास बाहेर पडत राहतो. दात घासून तो जात नाही. म्हणून सकाळच्या विमानाआधी रात्री लसणाचा ठेचा जरा हात राखून वाढावा, एवढंच. शेवभाजी गरम नेऊ नये. गरम पदार्थाचा वास थंडापेक्षा जास्त पसरतो. कोरडी भाकरी, दशम्या, केळी यांनी कुणाला त्रास होत नाही, असं म्हणणार होतो. केळीबद्दल पुढे एक गोष्ट सांगायची आहे.

[दृश्य: विमानातलं उघडलेलं ट्रे-टेबल. अगदी जवळून.]

इथवर त्रासाचं बोललो. आता धोक्याचं. या दोन्हींची लोक फार गल्लत करतात.

हे ट्रे-टेबल बघा. समजा, यावर कुणीतरी शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी खाल्ली. चांगला माणूस आहे, रुमालानं टेबल पुसलं, डबा बंद केला, वासही राहिला नाही. तेल सुटलेल्या चटणीची पूड मात्र टेबलाच्या कडेला, बंद करायच्या कडीच्या खाचेत, हाताच्या टेकूवर चिकटून राहिली. विमान उतरलं, झटपट साफसफाई झाली, तेच विमान पुढच्या फेरीला निघालं. त्याच सीटवर तीन वर्षांची मुलगी बसली. तिनं कडी फिरवली, टेबलावर हात टेकले आणि बोट तोंडात घातलं.

शेंगदाण्याची ॲलर्जी होते ती त्यातल्या प्रथिनामुळे. भाजलेल्या शेंगदाण्याचा जो खमंग वास येतो, त्यात हे प्रथिन नसतं. म्हणून नुसत्या वासानं सहसा मोठी ॲलर्जी उठत नाही. हात, तोंड, टेबल, चमचा, हा तिचा खरा रस्ता. आणि एक गोष्ट प्रत्येक आईबापानं लक्षात ठेवावी: हातावर चोळायच्या सॅनिटायझरनं शेंगदाण्याचं प्रथिन निघत नाही. जंतू मरतात, प्रथिन तिथंच राहतं. साबण-पाणी लागतं, किंवा ओले वाइप्स. चटणी खाल्लेल्या माणसानं विमानातल्या बेसिनवर साबणानं हात धुतले आणि वाइपनं टेबल, कडी, टेकू पुसून घेतला, तर त्यानं पुढच्या प्रवाशासाठी खूप काही केलं. ॲलर्जी असलेल्या मुलाच्या घरच्यांनी सीटवर बसताच हेच करावं. सोबत वाइप्सचं पाकीट ठेवावं.

अमेरिकेतल्या एका मोठ्या विमान कंपनीनं ऑगस्ट २०१८ पासून फुकट वाटायचे शेंगदाणे बंद केले. तरीही विमानात शेंगदाणा असणारच नाही, अशी हमी कुठलीही कंपनी देऊ शकत नाही. प्रवाशांच्या पिशव्यांत काय आहे, ते तिला कुठं ठाऊक असतं?

[दृश्य: संक्रांतीचे तिळगूळ. खलबत्त्यात तीळ.]

तिळाचंही ऐका. २०१६ च्या जुलैत लंडनहून फ्रान्समधल्या नीस शहराला निघालेल्या विमानात पंधरा वर्षांच्या एका मुलीला भयंकर ॲलर्जी उठली. तिनं विमानतळावर सँडविचसारखा एक पाव विकत घेऊन खाल्ला होता. तीळ वरून दिसत नव्हते, पिठातच मळलेले होते, आणि वेष्टणावर त्यांचा उल्लेख नव्हता. वडिलांनी ॲड्रेनलिनची दोन इंजेक्शनं दिली, तरी ती वाचली नाही. पुढे तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि ऑक्टोबर २०२१ पासून ब्रिटनमध्ये दुकानात बनवून बांधून ठेवलेल्या खाण्यावर सगळे घटक छापणं कायद्यानं बंधनकारक झालं.

आपल्या चटण्या, आपला काळा मसाला, आपली रस्साभाजी यांत तीळ, खोबरं, शेंगदाण्याचा कूट मिसळलेला असतो आणि डब्यावर काहीच लिहिलेलं नसतं. म्हणून विमानात शेजारच्या लेकराला प्रेमानं चिक्की किंवा लाडू पुढे करण्याआधी त्याच्या आईला विचारावं. "ताई, याला शेंगदाणा चालतो ना?" एवढं विचारल्यानं माया कमी होत नाही. आणि आईनं नको म्हटलं, तर "थोड्यानं काय होतं" असं म्हणू नये. थोड्यानंच होतं.

घाण्याच्या तेलाचंही तसंच. कारखान्यात शुद्ध केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही. लाकडी घाण्याच्या तेलात ते राहू शकतं. आणि केळी: ज्यांना रबराच्या हातमोज्यांची, फुग्यांची म्हणजे लेटेक्सची ॲलर्जी असते, त्यांच्यापैकी काहींना केळीही चालत नाही, कारण दोन्हींतली काही प्रथिनं एकमेकांसारखी असतात. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातल्या माणसाला हे पटायला जड जातं, पण खरं आहे.

[दृश्य: विमानातली हवाई सुंदरी प्रवाशाशी बोलते आहे.]

अंगावर गांधी उठणं, ओठ-जीभ सुजणं, आवाज घोगरा होणं, छातीत घरघर, उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी. यातली एकाहून अधिक लक्षणं एकदम दिसू लागली तर वाट बघायची नाही, लगेच कर्मचाऱ्यांना हाक मारायची. मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिलेलं ॲड्रेनलिन हाच पहिला उपचार. खाजेची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. माणसाला आडवं करून पाय उंच ठेवावेत, एकदम उभं करू नये. श्वास लागत असेल तर बसू द्यावं. ॲड्रेनलिनचं पेन आपल्याकडे औषधाच्या दुकानात सहज मिळत नाही. म्हणून ज्याला गरज आहे, त्यानं निघण्याच्या बरेच दिवस आधी डॉक्टरांशी बोलून सोय करावी, चिठ्ठी घ्यावी. आणि ते औषध डोक्यावरच्या कप्प्यात नको. पायाशी ठेवलेल्या पिशवीत, हाताला येईल असं हवं.

सांगायचं कधी? तिकीट काढताना एकदा, विमानात चढताना एकदा, आणि शेजारी बसल्यावर एकदा. आमची माणसं इथं संकोच करतात. "कशाला उगीच कुणाला त्रास" म्हणत गप्प बसतात, दमेकरी पंप हातात धरून बसतो, पण तोंड उघडत नाही. बोला. अहिराणीत बोललात तरी कळेल: "माले दमा शे, भाऊ, सेंट मारू नका." सीट रिकामी असेल तर कर्मचारी बदलून देतात. उठायची वेळ आली तर ज्याचा सेंट आहे किंवा ज्याचा डबा आहे, त्यानं आपणहून उठावं, असं मला वाटतं. आजारी माणसाला सामान घेऊन फिरवू नये.

तितकंच दुसऱ्या बाजूनंही पाळायला हवं. वास आवडला नाही म्हणून "मला ॲलर्जी आहे" असं खोटं सांगू नये. असं दहा जणांनी सांगितलं, की अकराव्या, खऱ्या माणसावर कुणी विश्वास ठेवत नाही. आणि ठेच्याच्या वासावरून कुणा म्हाताऱ्या मावशींना चारचौघांत बोल लावणं, "गावाकडचे लोक" म्हणणं, हे तर कोणत्याच शिष्टाचारात बसत नाही. हळू आवाजात "मावशी, डबा उतरल्यावर उघडाल का?" म्हटलं तर मावशी लगेच झाकण लावतात.

आणि उग्र वासाचा त्रास फक्त परक्यांनाच होतो असं नाही. इंडोनेशियात नोव्हेंबर २०१८ मध्ये सुमात्रातल्या बेंगकुलूहून जकार्ताला जाणाऱ्या विमानाच्या पोटात दोन टनांहून जास्त ड्युरियन फळं भरली होती. वास इतका उग्र, की प्रवासी खाली उतरले आणि माल काढल्याशिवाय बसेनात. शेवटी कंपनीला फळं उतरवावी लागली. तिथं ते लाडकं फळ आहे, तरीही.

[दृश्य: स्वयंपाकघर. स्टीलचे डबे, चिकटपट्टी, पेन.]

मग पोराला मसाला पाठवायचाच नाही का? पाठवायचा, पण चेक-इनच्या बॅगेत. मिरचीची पूड हातातल्या बॅगेतून नेऊ देत नाहीत, सुरक्षा तपासणीत काढून ठेवतात. घट्ट झाकणाचा डबा, झाकणाला चिकटपट्टी, वर दोन प्लास्टिकच्या पिशव्या, भोवती जुनं धोतर किंवा टॉवेल. परदेशी जाताना त्या देशात कोणतं खाणं न्यायला बंदी आहे, तेही आधी बघून घ्यायचं. आणि डब्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवा, ठळक अक्षरात: शेंगदाणा, तीळ, खोबरं. पोराच्या खोलीत राहणारी इतर मुलंही तो डबा उघडणार आहेत.