डेटालॅड बसवताना गिट-अ‍ॅनेक्स विसरू नका

नमस्कार मंडळी! संशोधनाचा डेटा नीट सांभाळायचा असेल, तर डेटालॅड हे डेटा सांभाळण्याचं टूल शिकाच, असं मी आग्रहाने सांगते. पेपर छापून आल्यावर कुणी विचारलं, "हा आलेख नेमक्या कुठल्या फाइलवरून काढला?", तर उत्तर देता आलं पाहिजे. डेटालॅड ती नोंद ठेवतं.

आता बसवण्याकडे वळू. बरेच जण सरळ पायथनच्या पिप या इन्स्टॉलरने 'पिप इन्स्टॉल डेटालॅड' करतात. इन्स्टॉल बिनबोभाट होतं, आणि पहिल्याच कामाला एरर येते: गिट-अ‍ॅनेक्स सापडत नाही. याचं कारण समजून घ्या. डेटालॅड पायथनमध्ये लिहिलंय, पण अवजड फाइली सांभाळतं ते गिट-अ‍ॅनेक्स. जोई हेस यांनी २०१० मध्ये सुरू केलेला हा प्रोग्राम हॅस्केल भाषेतला आहे. म्हणजे पायथनचं पॅकेज आलं, म्हणून तो आलाच असं नाही.

म्हणून लिनक्सवर मी कोंडा हा पॅकेज बसवणारा प्रोग्राम वापरते. विद्यापीठाच्या सर्व्हरवर आपल्याला सुडोचे, म्हणजे अ‍ॅडमिनचे, अधिकार कोण देणार? कोंडाला ते लागतच नाहीत, सगळं आपल्या होम फोल्डरमध्ये बसतं. मिनीफोर्ज हा कोंडाचा इन्स्टॉलर घ्या, त्यात कोंडा-फोर्ज हे चॅनेल, म्हणजे पॅकेजेसचा साठा, आधीच लावलेलं असतं. मग ही कमांड:

(स्क्रीनवर टर्मिनल)
कोंडा क्रिएट -एन डेटाकाम डेटालॅड गिट-अ‍ॅनेक्स

'डेटाकाम' हे मी या कामाच्या वेगळ्या कप्प्याला दिलेलं नाव. डेटालॅड आणि गिट-अ‍ॅनेक्स ही दोन्ही नावं लिहायची, हे महत्त्वाचं. त्यानंतर 'कोंडा अ‍ॅक्टिव्हेट डेटाकाम'. मॅकवाल्यांनी 'ब्रू इन्स्टॉल डेटालॅड' करावं, गिट-अ‍ॅनेक्स सोबत येतं. स्वतःचं उबुंटू असेल तर 'एपीटी'नेही होतं, फक्त आवृत्ती जुनी मिळू शकते.

डेटालॅड बदलांची नोंद गिट या प्रोग्राममध्ये ठेवतं, म्हणून गिटला आपलं नाव आणि ईमेल सांगून ठेवा. मग 'डेटालॅड डब्ल्यूटीएफ' चालवा. लांबलचक यादी येईल, तिच्यात गिट-अ‍ॅनेक्सची आवृत्ती दिसली की काम फत्ते.

आता खरी गंमत बघा. ओपनन्यूरो या मेंदूविषयक डेटाच्या खुल्या संग्रहावरचा डीएस०००००१ हा डेटासेट मी 'डेटालॅड क्लोन'ने घेतलाय. १६ जणांचे मेंदूचे स्कॅन. फोल्डर दिसतायत, फाइलींची नावंही दिसतायत. पण 'एलएस -एल' केलं की प्रत्येक स्कॅनच्या नावापुढे बाण दिसतो. ती नुसती लिंक आहे, आतला मजकूर अजून आलेलाच नाही. मला पहिल्या व्यक्तीचा टी१ स्कॅन (मेंदूची रचना दाखवणारा) हवाय, म्हणून 'डेटालॅड गेट' आणि फाइलीचा पत्ता. तेवढीच फाइल उतरली, बाकीच्यांनी डिस्कवर जागा अडवली नाही.

काम झालं की 'डेटालॅड ड्रॉप'. आणि इथे मला या टूलचं फार कौतुक वाटतं: दुसरीकडे प्रत शिल्लक आहे याची खात्री झाल्याशिवाय ते तुमची फाइल काढून टाकत नाही, सरळ नकार देतं.