एकवीस म्हणा आणि शेगडी न्या

नमस्कार श्रोतेहो.

दोन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. मी टोरांटोच्या शेजारी मिसिसागाला राहते. आई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आली होती आणि स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. फोन वाजला. पलीकडची बाई म्हणाली, "अभिनंदन, तुम्हाला आमच्या सोडतीत बार्बेक्यूची शेगडी लागली आहे." वाणसामानाच्या दुकानात महिनाभरापूर्वी मी कुठलीशी चिठ्ठी भरून पेटीत टाकली होती, ती मी साफ विसरले होते. आपण सगळे अशा फोनना सरावलेलो आहोत. आता ही बँकेचा नंबर विचारणार, मग ओटीपी मागणार, असं म्हणून मी फोन ठेवायच्या बेतात होते. तर ती म्हणाली, "बक्षीस देण्याआधी मला तुम्हाला एक गणित घालावं लागेल. कागद-पेन्सिल घ्या. कॅल्क्युलेटर चालणार नाही, कोणाची मदत चालणार नाही."

मी खरंच विजेच्या बिलाच्या पाकिटाच्या पाठीवर लिहायला लागले. चोवीसला पाचने गुणा. त्यातून छत्तीस वजा करा. येईल त्याला सातने भागा. त्यात नऊ मिळवा. मी सवयीने आकडे मराठीत पुटपुटत होते. छत्तीस वजा करून होतायत न होतायत तोच मागून आवाज आला, "चोवीस पाचे वीसाशे, त्यातनं छत्तीस गेले चौऱ्याऐंशी, बारा सत्ते चौऱ्याऐंशी, बारा आणि नऊ एकवीस." मटाराची शेंग हातातच. मान वर केली नव्हती.

माझंही उत्तर एकवीसच आलं, पण चार-पाच सेकंदांनी. फोनवरच्या बाईला अर्थातच काही कळलं नाही. ती म्हणाली, "बरोबर!" आणि पत्ता लिहून घेतला.

तर आज मला या गणिताबद्दल बोलायचं आहे. ते मला का घातलं? मला शेगडी वापरण्याइतकी अक्कल आहे का, हे बघायला नक्कीच नाही.

कॅनडाचा फौजदारी कायदा देशभर एकच आहे. त्याचं २०६ वं कलम लॉटरी आणि नशिबाच्या खेळांबद्दल आहे. चिठ्ठ्या टाकून, पत्ते काढून, कुठल्याही नशिबाच्या मार्गाने वस्तू वाटणं हा तिथे गुन्हा. मग कुठल्या कंपनीने साबणाच्या पुड्यावर मोटार ठेवली, तर ती काय करणार? कायद्यातच एक फट आहे. नुसतं नशीब असेल तर बंदी, पण नशीब आणि कौशल्य यांची मिसळ असेल तर बंदी फक्त पैसे किंवा मोलाचं काही घेतलं तरच. म्हणजे दोन गोष्टी करायच्या. चिठ्ठी निघाल्यावर विजेत्याला एक गणित घालायचं, की झाली कौशल्याची मिसळ. आणि नियमावलीत बारीक अक्षरांत छापायचं, 'खरेदीची गरज नाही'. मग साबण न घेताही भाग घेता यायला हवा. त्यासाठी कंपन्या काय काय करायला लावतात! कित्येक नियमावल्यांमध्ये मी वाचलंय, की फुकट प्रवेशिका हवी असेल तर स्वतःच्या हस्ताक्षरात पन्नास किंवा शंभर शब्दांचा निबंध लिहा आणि टपालाने पाठवा. साबणाच्या वडीसाठी निबंध. तो वाचणाऱ्या माणसाची मला मनापासून दया येते.

आपल्याकडे हे समजावून सांगायला फार शब्द लागू नयेत. आमच्या आजीच्या सोवळ्यात कणीक पाण्यात भिजवली की पोळी खरकटी, आणि तीच कणीक दुधात भिजवली की दशमी, ती प्रवासात बरोबर न्यायला चालायची. पीठ तेच, तवा तोच. कॅनडातलं गणित म्हणजे ते दूध. सोडत काढायची, आणि वर थोडं गणित शिंपडून तिला सोवळ्यात घ्यायचं. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे परीक्षा तुझी नाहीच, त्यांची आहे." वकिलाला पाच पानं लागली असती.

तिथे हे इतकं अंगवळणी पडलंय की कोणाला नवल वाटत नाही. टिम हॉर्टन्स नावाची कॉफीची दुकानं आहेत, म्हणजे तिथलं अमृततुल्यच समजा. टिम हॉर्टन हा हॉकीपटू, त्याने १९६४ साली हॅमिल्टनमध्ये ती सुरू केली. १९८६ पासून त्यांची दरवर्षी एक स्पर्धा असायची. कागदी पेल्याची दुमडलेली कड उलगडायची, खाली लिहिलेलं असायचं काय लागलं ते. कॉफी, डोनट, कधी मोटार. बहुतेकांना 'पुन्हा खेळा' एवढंच. ऐन थंडीत, बोटं बधिर झालेली, बसथांब्यावर उभी राहून माणसं दातांनी पेल्याची कड सोडवताना मी पाहिली आहेत. चांगली सुटाबुटातली माणसं. पुढे ते मोबाइलवर गेलं, दात वाचले. पण नियमांत गणिताचा प्रश्न आहेच.

अमेरिकी कंपन्यांच्या स्पर्धांतही शेवटी एक ओळ सापडते. विजेता कॅनडाचा रहिवासी असेल तर त्याला गणिताचा प्रश्न सोडवावा लागेल. फक्त कॅनडाचा. न्यूयॉर्कच्या माणसाला तीच मोटार बिनगणिताची. माझी अमेरिकेतली मावसबहीण म्हणते, "तुमच्यावर सरकारचा विश्वास नाही का गं?"

गंमत अशी, की ज्या सरकारला नशिबाच्या खेळाचा एवढा विटाळ, त्यानेच १९६९ मध्ये कायदा बदलून सरकारी लॉटरीला वाट करून दिली. त्याच साली क्विबेकने आपली लॉटरी संस्था काढली. सरकारी तिकिटावर कोट्यवधी डॉलर लागले तरी बेरीज-वजाबाकी विचारत नाहीत. गणित फक्त साबणवाल्यांना. यात मला ढोंग दिसतं, आणि तसं म्हणायला मी कचरत नाही.

आता प्रश्न किती अवघड असावा? 'दोन आणि दोन किती' विचारलं तर कौशल्य कसलं, असं उद्या कोर्ट म्हणेल. म्हणून तीन-चार क्रिया असलेलं गणित घालायची रीत पडली. या विषयावरच्या चर्चेत एक गणित वारंवार उद्धृत होतं, ते तुम्हाला घालते. पेन्सिल घ्या. २२८ गुणिले २१, अधिक १०,८२४, भागिले १२, वजा १,१२१.

ऐकलंत तसंच ओळीने करत गेलात तर ४,७८८, मग १५,६१२, मग १,३०१, आणि शेवटी १८०. झालं? आता शाळेतलं आठवा. कंचेभागुबेव! कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. कागदावर कंस नसतील तर आधी १०,८२४ भागिले १२, म्हणजे ९०२. मग ४,७८८ अधिक ९०२, वजा १,१२१. उत्तर ४,५६९. एकाच गणिताची दोन उत्तरं, आणि मधे कोणाची तरी मोटार. फोनवर प्रश्न तोंडी असतो, तोंडाला कंस नसतात. म्हणूनच मला घातलेल्या गणितात 'येईल त्याला' असे शब्द होते, ते उगीच नव्हते.

हे सगळं ऐकून आपल्याकडे असं काही नाही, असं वाटेल. आहे की. जुन्या श्रोत्यांना 'हे वाक्य दहा शब्दांत पूर्ण करा, मला अमुक चहा आवडतो कारण...' आठवत असेल. आमच्या घरी वडिलांनी त्या 'कारण'पुढे संबंध रविवार घालवलेत. आणि त्याही आधी मुंबईत शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांचं पेव फुटलं होतं. बंगळूरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकाची कोडी मुंबई राज्यात खपत, लोक पैसे भरून उत्तरं पाठवत. त्यावरून मुंबई सरकार विरुद्ध चमारबागवाला हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, निकाल १९५७ सालचा. कोड्यात एका सूचनेला दोन-दोन शब्द बसायचे आणि बरोबर कोणता, ते आयोजकांनी आधीच बंद करून ठेवलेलं. न्यायालय म्हणालं, हा जुगार आहे, याला व्यापाराच्या हक्काचं संरक्षण नाही. पण त्याच वेळच्या जोडखटल्यात हेही ठरलं, की १९५५ चा बक्षीस स्पर्धांचा कायदा खऱ्या कौशल्याच्या स्पर्धांना लागू नाही. तो कायदाही कडक होता, महिन्याला बक्षिसं हजार रुपयांच्या वर नकोत आणि प्रवेशिका दोन हजारांच्या वर नकोत. म्हणजे आपल्याकडे कौशल्याचं सोंग घेतलेलं नशीब पकडलं गेलं. कॅनडात ते सोंग कायद्यानेच घ्यायला लावलं. मुळं दोन्हीकडे इंग्रजांच्याच कायद्यात.

एक व्यवहाराचं सांगून ठेवते. तुमची मुलं-नातवंडं तिकडे असतील तर त्यांनाही सांगा. फोनवर गणित घातलं म्हणून स्पर्धा खरी ठरत नाही, ठगालाही गणित येतं. पण 'आधी एवढे डॉलर भरा, मग बक्षीस पाठवतो' म्हणाले, की समजायचं. तिथे तर सोडतीच्या बक्षिसावर सहसा प्राप्तिकरही नसतो, त्यामुळे कराच्या नावाखाली मागितले तरी द्यायचे नाहीत. आपल्याकडे लॉटरीवर तीस टक्के कापून घेतात, त्यामुळे आपल्या माणसांना ते पटकन खरं वाटतं.

माझी शेगडी मात्र खरी निघाली. पंधरा दिवसांनी कुरियर आलं, त्याच्या आधी एक फॉर्म आला होता सहीसाठी. आम्ही घरात कोणी मांसमच्छी खात नाही. त्या शेगडीवर मक्याची कणसं होतात आणि भरताची वांगी. वांग्याचा तो जळका वास शेजारच्या पोर्तुगीज आजोबांना इतका आवडला, की ते कुंपणावरून वाटी पुढे करतात.

तर त्या फॉर्मवर एक ओळ होती, 'मी प्रश्नाचं उत्तर कोणाच्याही मदतीशिवाय दिलं आहे.' माझं पेन तिथे थांबलं. मी आईला ती ओळ मराठीत वाचून दाखवली. आईने चष्मा पुसला, ओळ स्वतः पाहिली आणि म्हणाली, "कर सही. मी कुठे मदत केली? मी पाढा म्हणत होते."

नमस्कार.