खुनी मुनीम

नमस्कार, श्रोतेहो.

शाळेत असताना गावच्या वाचनालयातून मी एक रहस्यकथा घरी आणली. शिवण उसवलेली, पानं पिवळी पडलेली. दुपारी सोप्यावर लोळत पहिलं पान उघडलं, तर समासात पेन्सिलीनं लिहिलेलं : 'खुनी मुनीम'. कुणा आगाऊ वाचकाचा उद्योग! रडूच कोसळायचं बाकी होतं. त्यात शनिवार. वाचनालय आता सोमवारी उघडणार, आणि घरात न वाचलेलं दुसरं काही नाही. मग नाइलाजानं तेच वाचायला घेतलं.

मुनीम दर चार पानांनी यायचा. चहा ओतायचा, वही पुढे करायचा, 'साहेब, पाऊस काही थांबत नाही' म्हणायचा नि निघून जायचा. बाकीचे वाचक एव्हाना त्या तापट पुतण्यावर किंवा कुलूपबंद खोलीवर डोळा ठेवून असणार. मी मात्र मुनिमाच्या हातांकडे बघत होते. लेखक त्याला लपवत नव्हताच. राजरोस समोर उभा करत होता, फक्त त्याच्या तोंडी एकही वाचनीय वाक्य देत नव्हता! केवढी ही लबाडी! गोष्ट रचतात कशी, ते मला त्या पेन्सिलवाल्यानं शिकवलं.

तेव्हापासून 'शेवट सांगू नकोस हं' असं कुणी कानावर हात ठेवून ओरडलं की मला गंमत वाटते. पहिल्या वाचनातली धडधड मला मान्य आहे. पण ती एकदाच मिळते, आणि मी आवडत्या कादंबऱ्या पाच-पाचदा वाचणारी बाई.

शिवाय मी पेडण्याची. आमच्याकडे जत्रेला दशावतार असतो. खाज्याची पुडी मांडीवर घेऊन रात्रभर बसायचं. पेटी, मृदंग, झांज. मांडावर, म्हणजे खेळाच्या जागेवर, सामान म्हणाल तर एक लाकडी बाकडं. तेच सिंहासन, तेच पलंग, वेळ पडली तर डोंगरही तेच. आधी तो काळ्या कपड्यांतला, लाल जिभेचा संकासुर येऊन गावातल्या लोकांची फिरकी घेऊन जातो, मग आख्यान लागतं. संवाद कुठे लिहिलेले नसतात. आख्यान ठरलं की नट उभ्या उभ्या बोलतात. आणि कथा तर समोर पेंगणाऱ्या पोरालाही पाठ.

एका वर्षी अभिमन्यूचं आख्यान होतं. सुभद्रा झालेला नट, पन्नाशीचा असेल, पहाटे आवाज बसलेला. मुलगा लढाईला निघाला. आता ही रडणार, असं आम्ही धरून चाललो होतो. त्यानं फक्त पोराचा शेला सारखा केला आणि म्हणाला, ''लवकर ये बाबा, भात निवतो.'' सगळा मांड गप्प. शेजारच्या म्हाताऱ्या काकींनी पदर तोंडाला लावला.

आता सांगा, अभिमन्यू परत येणार नाही हे ठाऊक नसतं, तर त्या भाताची किंमत काय होती?

आपल्या गोव्यात हे जुनंच आहे. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला ज्यांचं नाव दिलंय, त्या केळशीच्या कृष्णदास शामांनी 1526 साली मराठीत लिहायला घेतली ती कृष्णाचीच कथा. सगळ्यांना माहीत असलेली! फादर स्टीफन्स तर इंग्लंडहून आलेले. त्यांचं क्रिस्तपुराण 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं. ख्रिस्ताची कथा युरोपात शेकडो वर्षं सांगून झालेली. यांनी ती मराठीत सुमारे 11,000 ओव्यांत नव्यानं सांगितली. कथा जुनी असली तरी सांगणारा ताजा लागतो.

हल्ली मात्र पुष्कळ कथा शेवटच्या परिच्छेदातल्या धक्क्यासाठीच लिहिलेल्या दिसतात. धक्का बसतो, नाही असं नाही. पण पुन्हा वाचायला घ्यावी तर आत काहीच नाही, पिऊन टाकलेल्या शहाळ्यासारखी. त्याहून मला राग येतो तो सगळं समजावून सांगणाऱ्या लेखकाचा. त्याची सुभद्रा 'माझ्या काळजात कालवाकालव होते आहे' असं म्हणते. अहो, भात वाढा ना!

आणि एक वेड कबूल करते. आवडत्या गोष्टीतली किरकोळ माणसं मला सोडवत नाहीत. त्या मुनिमाची बायको पुस्तकात एकाच वाक्यात येते, दाराआडून. तिचं पुढचं सगळं आयुष्य मी भाचरांना गोष्टी करून सांगितलंय. तिनं म्हापशाच्या बाजारात मसाल्याचं दुकान काढलं, वगैरे. मूळ लेखकाला विचारलं नाही. दशावतारी तरी व्यासांना कुठे विचारतात?

सोमवारी पुस्तक परत करायला गेले, तेव्हा खोडरबर दप्तरात होता. पण ते दोन शब्द खोडावेसे वाटेनात. वाचनालयाच्या पायरीवर बसून त्याखाली मीही पेन्सिलीनंच लिहिलं : 'ठाऊक आहे. तरी चहा कोण ओततो ते बघत राहा.'

नमस्कार.